ती हुमणी नव्हती

मंडळी, आधी एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या. बागेत कुदळ मारताना जुन्या लाकडाच्या बुडातून अंगठ्याएवढी जाड, पांढरी, कोयरीसारखी वळलेली अळी बाहेर पडली, तर पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही काय करता? मी सांगतो. फोटो काढता. तो इथल्या मराठी ग्रुपवर टाकता. खाली लिहिता, "हे काय आहे? मुलं बागेत खेळतात, काही धोका?" आणि चहाला उकळी येईपर्यंत निकाल लागलेला असतो. हुमणी. मारून टाका.

हा लेख त्या निकालाविरुद्ध आहे. निकाल देणाऱ्यांत मी स्वतः होतो आणि शिक्षाही माझ्याच हाताने झाली, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

फ्रँकफर्टच्या दक्षिणेला, ओकच्या जंगलाला लागून आमचं गाव आहे. घर घेतलं तेव्हा बागेच्या कोपऱ्यात ओकचा एक जुना बुंधा होता. झाड केव्हाच तोडलेलं, खोड जमिनीलगत कापलेलं, वर शेवाळ. आम्हाला तिथे फरशी घालून ग्रिलसाठी जागा करायची होती. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मी बुंधा खणायला घेतला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं लाकूड सुटत होतं. खाली मुळांच्या बेचक्यात अळ्या होत्या. वीस-बावीस तरी असतील, काही करंगळीएवढ्या, काही अंगठ्याहून जाड.

फोटो टाकला. सात उत्तरं आली आणि सातही जणांचं एकमत. एकाने मीठ सांगितलं, एकीने उकळतं पाणी, एकाने निंबोळी अर्क कुठल्या दुकानात मिळतो ते. खरं म्हणजे मला विचारायची गरजच नव्हती. मी वाळवा तालुक्यातला, ऊसवाल्यांच्या घरातला. हुमणी मला कोणी शिकवायला नको. वळवाचा पहिला पाऊस पडला की दिवेलागणीला भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर जमायचे. थोरले मामा फांद्या हलवायचे आणि आम्ही पोरं खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचो. ज्या वर्षी हे काम राहिलं, त्या वर्षी पिवळा पडलेला ऊस धरून ओढला की अलगद हातात यायचा, कारण खाली मुळं उरलेलीच नसायची. मामांचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. त्या आठवणीच्या जोरावर मी बादलीत साबणाचं पाणी केलं.

पुढच्या जूनमध्ये शेजारच्या बाई कुंपणापाशी आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. म्हणाल्या, "या वर्षी तुमच्याकडून कोणी आलंच नाही." मला वाटलं आमच्या पाहुण्यांबद्दल बोलताहेत. त्या हिर्शकेफरबद्दल बोलत होत्या. हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेला तो मोठा भुंगा. दर जूनमध्ये अंधार पडायच्या सुमाराला तो आमच्या कोपऱ्यातून उडायचा, घूं घूं करत, अंग उभं धरून, त्यांच्या अंगणावरून जंगलाकडे. त्यांचे यजमान होते तोवर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहायचे. पुढे ते काम त्यांनी चालू ठेवलं होतं. आदल्या वर्षी नऊ. या वर्षी एकही नाही.

त्या संध्याकाळी मी गप्प बसलो. आठवड्याने जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "किती होत्या?" मी म्हणालो, वीस-बावीस, लहानमोठ्या. त्यांनी मनाशी काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पुढचे पाच उन्हाळे."

त्यांचा हिशेब बरोबर होता. हिर्शकेफरची मादी जमिनीत शिरून कुजक्या बुंध्याच्या मुळांशी अंडी घालते. अळी तिथे बुरशीने मऊ केलेलं लाकूड खात तीन ते सहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त वाढते. मग मातीचा मुठीएवढा कोष करते, त्यात कोषावस्था पार पडते, पूर्ण भुंगा तयार होतो, आणि तो तयार भुंगासुद्धा एक हिवाळा आतच काढून उन्हाळ्यात वर येतो. वरचं आयुष्य काही आठवड्यांचं. तेवढ्यात ओकच्या खोडावरच्या जखमेतून पाझरणारा रस प्यायचा, जोडीदार शोधायचा, आणि संपलं. एका बुंध्यात अशा चार-पाच वर्षांच्या पिढ्या एकाच वेळी असतात. म्हणून तर माझ्या बादलीत लहानमोठ्या अळ्या होत्या. एका शनिवारी दुपारी मी येणारी सगळी वर्षं बुडवली.

आता कायदा. हिर्शकेफर युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशाच्या यादीत आहे, आणि जर्मनीत विशेष संरक्षित आहे. जर्मनीच्या केंद्रीय निसर्गसंरक्षण कायद्याचं ४४वं कलम अशा प्रजातींना पकडायला, इजा करायला, मारायला, त्यांच्या अंडी-अळ्या उचलायला आणि त्यांची प्रजननाची जागा मोडायला मनाई करतं. दंडाची कमाल मर्यादा ५० हजार युरो आहे. २०१२ साली जर्मनीत हा 'वर्षाचा कीटक' होता. हे सगळं मी बादली रिकामी केल्यावर वाचलं.

पण मी दंडाच्या धाकाने लिहीत नाही. मला राग आहे तो आपल्या खात्रीचा. मी वाळव्यात शिकलेलं ज्ञान खोटं नव्हतं. उसाच्या मुळाशी सापडलेली ती अळी खरोखरच हुमणी होती आणि तिला मारणं शहाणपणाचंच होतं. चूक झाली ती एवढीच, की तेच ज्ञान मी हेसनमधल्या ओकच्या बुंध्याला लावलं आणि मधल्या सात हजार किलोमीटरचा विचार केला नाही. आपण सगळे हे रोज करतो. इथे येऊन आपण चार रंगांच्या डब्यांत कचरा वेगळा करायला शिकलो. बाटलीचे पंचवीस सेंट परत घ्यायला शिकलो. रविवारी भिंतीत ड्रिल मारत नाही. अळ्या मात्र सगळ्या एकाच डब्यात.

याला भाषाही थोडी जबाबदार आहे. आपल्याकडे किड्यांची नावं कमी नाहीत. हुमणी, खोडकिडा, आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड, माडावरचा गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा, धान्यातले टोके. पण यादी पुन्हा वाचा. ही सगळी शत्रूंची नावं आहेत. शेतकऱ्याने ज्याच्याशी भांडण झालं त्याला नाव दिलं, आणि ते योग्यच होतं. काजवा आणि शेणकिडा असे थोडे अपवाद सोडले, तर ज्याने आपलं काही खाल्लं नाही तो नुसता 'किडा'. 'भुंगा' म्हणावं तर त्यातही घोटाळा. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कोरडं लाकूड पोखरणारा आणि कमळाच्या कळीत मात्र अडकणारा भ्रमर येतो. लाकूड कोरणारा तो भुंगा म्हणजे बहुधा मधमाशीच्या गोतातली मोठी काळी माशी, ढालीसारखे कडक पंख असलेला भुंगा नव्हे. एकाच शब्दाखाली दोन वेगळी कुळं आपण शतकानुशतकं सुखाने वागवत आलो. घरी त्याने बिघडलं नाही. इथे बिघडतं.

किती बिघडतं ते एका जोडीवरून पाहा. कोकणातला गेंड्या भुंगा माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब कुरतडतो, आणि रत्नागिरीचा बागायतदार तारेचा आकडा घालून त्याला बाहेर ओढतो. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, म्हणून खड्डाही उपसतो. जर्मनीत त्याचा सख्खा चुलतभाऊ राहतो, नासहॉर्नकेफर. दोघांची प्रजाती वेगळी पण शास्त्रीय कुळनाव एकच, ओरिक्टेस. नाकावर तसंच शिंग, अळी तशीच बोटभर लांब आणि गलेलठ्ठ, तीही कंपोस्टच्या ढिगात किंवा लाकडाच्या भुशात. फरक एवढाच, की हा इथे कुठल्याही जिवंत झाडाचं काही बिघडवत नाही, आणि म्हणून तोही विशेष संरक्षित आहे. दोघांच्या अळ्या शेजारी ठेवल्या तर माझ्या मामांनाही फरक सांगता येणार नाही. पण एकीला मारणं म्हणजे शेती आणि दुसरीला मारणं म्हणजे गुन्हा.

"मग आम्ही काय करायचं, कीटकशास्त्रात पदवी घ्यायची?" नाही. पाच मिनिटं बघायचं. जी पाच मिनिटं ग्रुपवर जातात, तीच. मी आता काय बघतो ते सांगतो.

पहिलं, अळी कुठे सापडली. हिरवळीच्या खाली, गवताच्या मुळांत सापडली तर मायकेफरची शक्यता. हा आपल्या हुमणीचा खरा इथला नातलग, तीन-चार वर्षं मुळं खाणारा. कंपोस्टमध्ये सापडली तर बहुधा रोझेनकेफर, म्हणजे गुलाबावर बसणारा तो झळाळता हिरवा भुंगा, किंवा नासहॉर्नकेफर. जमिनीतल्या कुजक्या बुंध्याच्या मुळाशी, विशेषतः ओकच्या, तर हिर्शकेफर डोक्यात आलाच पाहिजे. उभ्या म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीतल्या भुशात असेल तर हात लावू नका, ती फारच दुर्मीळ मंडळी असू शकतात.

दुसरं, पाय. पुढच्या बाजूला तीन जोड्या पाय आणि वळलेलं अंग म्हणजे वरच्यांपैकी कोणीतरी. पाय नाहीतच किंवा नावापुरते, अंग सरळ, लाकडातल्या बोगद्यात, तर लांब मिशांच्या भुंग्यांचं किंवा त्यांच्यासारख्या दुसऱ्या खोडपोखऱ्यांचं कुळ.

तिसरं, चाल. अळीला सपाट फळीवर हलकेच ठेवा. रोझेनकेफरची अळी उलटी होते आणि पाय आभाळाकडे करून चक्क पाठीवर सरपटत निघते. एकदा बघितलंत की आयुष्यात विसरणार नाही, मुलांना तर हमखास दाखवा. मायकेफरची अळी लांब पाय हलवत कुशीवर धडपडते. हिर्शकेफरची वळून पडून राहते.

चौथं, दोन्ही टोकं. रोझेनकेफरचं डोकं लहान, पाय आखूड, आणि अंग मागे जाड होत गेलेलं. मायकेफरचं डोकं मोठं, पाय लांब. नासहॉर्नकेफरचं डोकं गडद तांबूस तपकिरी. हिर्शकेफरचं डोकं आणि पाय नारिंगी. आणि सगळ्यात पक्की खूण मागच्या बाजूला, जिकडे कोणी बघत नाही. हिर्शकेफरच्या कुळात गुदद्वाराची चीर उभी असते, मायकेफर-रोझेनकेफरच्या कुळात आडवी किंवा फाटे फुटलेली. लाज वाटायचं कारण नाही, अळीला वाटत नाही.

आता या चार गोष्टी वाचून ग्रुपवरचा तुमचा फोटो आठवा. वरून काढलेला, अर्धा मातीत, शेजारी मापाला काही नाही, पाय दिसत नाहीत, बूड तर नाहीच. त्या फोटोवरून कोणालाही काही सांगता येत नाही, आणि तरी सात जण सांगतात. मोबाइलमधलं ओळखणारं ॲप आठवं. ॲपला मी नावं ठेवत नाही. पूर्ण वाढलेल्या भुंग्याचा स्वच्छ फोटो दिलात तर ते पुष्कळदा बरोबर सांगतं. पण एकसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या अळ्यांमध्ये तेही गोंधळतं, आणि गोंधळलं तरी नाव देतंच. आपण ते नाव वाचतो आणि अळीकडे बघायचं थांबवतो. खरं नुकसान तिथे होतं. फोटो टाकायचाच असेल तर चार काढा: डोकं, कूस, बूड, आणि शेजारी पट्टी. खाली लिहा कुठल्या झाडाचं लाकूड, किती खोल. मग उत्तर देणाऱ्यालाही थोडा विचार करावा लागेल.

माझ्यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. ते याच ग्रुपवर झाले आहेत.

पहिला आक्षेप, "म्हणजे काय, सगळे किडे चांगले? उद्या छप्पर खाल्लं तर?" असं मी म्हटलेलंच नाही. हाउसबॉकची अळी छपराचं कोरडं लाकूड खरोखरच पोकळ करते. लांब मिशांच्या भुंग्यांचं जवळजवळ अख्खं कुळ इथे संरक्षित आहे, त्यातून याला मुद्दाम वगळलं आहे. मायकेफरच्या अळ्यांनी ऱ्हाइनच्या खोऱ्यात जंगलाच्या जंगलांना सतावलं आहे. आशियाई लाउबहोल्त्सबॉक तर मालाच्या लाकडी खोक्यांतून इथे आला. युरोपात तो पहिल्यांदा २००१ साली ऑस्ट्रियात इन नदीकाठच्या ब्राउनाऊला सापडला, २००४ मध्ये बव्हेरियात, २०१४ मध्ये माग्डेबुर्गला. तो निरोगी झाडंही मारतो, आणि तो दिसला तर वनस्पती संरक्षण खात्याला कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा ज्याला भीती वाटते त्यानेच आधी ओळखायला शिकावं. ओळखल्याशिवाय मारणारा माणूस जसा हिर्शकेफर मारतो, तसाच लाउबहोल्त्सबॉक नकळत सोडूनही देतो.

दुसरा आक्षेप, "जर्मन लोक तरी कुठे मोठे धुतल्या तांदळाचे?" अगदी मान्य. हिर्शकेफरला इथे जुनी नावं आहेत त्यांत 'आग नेणारा' अशा अर्थाचीही आहेत. तो जबड्यात निखारा धरून छपरावर नेतो, वीज ओढवतो, असं लोक मानायचे. मायकेफर तर पिढ्यानुपिढ्या शाळेतल्या मुलांकडून गोळा करवले गेले, पुढे औषधं फवारली, आणि मग १९७४ साली राइनहार्ड माय या गायकाने मायकेफर उरले नाहीत असं गाणंच केलं. आजही बागेत खडी पसरून 'स्वच्छ' करणारे शेजारी आहेत. बाडेन-व्युर्टेम्बेर्गला २०२० साली कायदा करून तशा बागांना अटकाव करावा लागला. तेव्हा जर्मनांकडून पुण्य शिका असं मी सांगत नाही. पण त्यांच्यातल्याच काही चिकट हौशी लोकांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २०१७ साली जगभर गाजलेला तो अभ्यास, सत्तावीस वर्षांत संरक्षित क्षेत्रांतल्या उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन पाऊणहून अधिक घटलं हे सांगणारा, त्यातले कीटक कोणी गोळा केले होते? क्रेफेल्ड शहरातल्या कीटकप्रेमींच्या एका मंडळाने, जे १९०५ पासून चालू आहे. ६३ ठिकाणी सापळे लावून त्यांनी ते नमुने वर्षानुवर्षं जपले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडा लिहिणारे माझे दिवंगत शेजारी त्याच जातीचे.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना, आणि मला सगळ्यात जास्त झोंबणारा. "आपण इथे पाहुणे. त्यांची जंगलं, त्यांचे किडे, ते बघतील." पाहुणा? मंडळी, तुमच्या नावावर घर आहे. तीस वर्षांचं कर्ज आहे. मुलं जर्मनमध्ये भांडतात. २०२४ पासून पाच वर्षांत नागरिकत्व मागता येतं, आणि तुमच्यातल्या निम्म्यांनी ती ३३ प्रश्नांची परीक्षा दिलेली आहे, १७ बरोबर आले की पास. मला तरी त्यात भुंग्यावर प्रश्न आला नव्हता. जमीन विकत घेताना तुम्ही पाहुणे नव्हतात, मग त्या जमिनीत पाच वर्षांपासून राहणाऱ्याला ओळखायची वेळ आली की एकदम पाहुणे कसे होता?

श्टुटगार्टच्या मित्रांना इथे हसू येईल हे माहीत आहे, कारण त्यांच्या गावात एका भुंग्याचा मोठा विनोद झालेला आहे. एरेमीट किंवा युख्टनकेफर. नव्या रेल्वे स्थानकासाठी श्लोसगार्टनमधली जुनी झाडं पाडायची होती आणि त्यांच्या ढोल्यांत हा सापडला. युरोपात याला सर्वांत कडक संरक्षण आहे. २०१०च्या सप्टेंबरअखेर रात्री पोलीस बंदोबस्तात झाडं पाडली गेली, आंदोलन पेटलं, आणि तेव्हापासून 'किड्यासाठी स्टेशन अडलं' हे वाक्य आपल्या प्रत्येक मेळाव्यात कोणीतरी टाकतंच. स्टेशन मूळ ठरल्याप्रमाणे २०१९ मध्ये सुरू व्हायचं होतं. ते रखडण्याची कारणं बोगद्यांत, आगीपासूनच्या सुरक्षेत आणि सिग्नलच्या यंत्रणेत शोधा, सगळा भार इंच-सव्वा इंची भुंग्यावर टाकू नका. आणि या एरेमीटची एक सवय ऐका. यातले बहुतेक भुंगे ज्या ढोलीत जन्मले त्याच ढोलीत आयुष्य काढतात. बाकीचे गेले तरी फार तर काही शे मीटर. तुमच्या-माझ्यासारखं उठून दुसऱ्या खंडात जाणं त्यांना जमत नाही. ते झाड गेलं की त्यांचं गाव गेलं.

मुळात हे सगळं 'कुजकं लाकूड म्हणजे घाण' या समजुतीपाशी येऊन अडतं. जर्मनीत भुंग्यांच्या सुमारे साडेसहा हजार जाती आहेत, त्यांपैकी जवळपास चौदाशे या ना त्या प्रकारे मेलेल्या किंवा मरत्या लाकडावर अवलंबून आहेत. जर्मन वनखात्यानेही पूर्वी पडलेलं झाड उचलण्यातच शिस्त मानली. बव्हेरियन फॉरेस्ट हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९७० साली झालं, आणि १९८३ च्या वादळात झाडं आडवी झाली तेव्हा ती तशीच पडू द्यायची असं ठरलं. पुढे बुखड्रुकर या सालीखालच्या भुंग्याने तिथे स्प्रूसची झाडं मोठ्या प्रमाणावर वाळवली, आसपासचे गावकरी संतापले. आज त्या वाळलेल्या झाडांमधूनच नवं, अधिक मिश्र जंगल उभं आहे.

आणि ही कल्पना आपल्याला परकी आहे का? देवराई आठवा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, पण त्यांच्या कितीतरी आधीपासून गावागावाला नियम माहीत होता: देवाच्या रानातली वाळकी काडीही उचलायची नाही. झाड पडलं तर पडल्या जागी कुजेल. वाळव्याच्या उसाच्या शेतातलं शहाणपण मी विमानात घालून आणलं, देवराईतलं मात्र घरीच विसरलो. दोन्ही माझीच होती.

आता कामाचं. बुंधा काढायचा असेल तर आधी एका कडेला थोडं उकरून बघा. अळ्या दिसल्या तर तीच माती आणि तोच भुसा परत लोटून झाका, कारण दुसरीकडे नेऊन त्या सहसा जगत नाहीत. बुंधा काढल्याशिवाय भागणारच नसेल तर 'उंटरे नातुअरशुत्सबेह्योर्डे', म्हणजे जिल्ह्याच्या निसर्गसंरक्षण कार्यालयाला आधी विचारा. कंपोस्ट उपसताना अळ्या सापडल्या तर त्या कंपोस्टसकट नव्या ढिगात घाला, त्या तुमच्यासाठी फुकट खत करताहेत. बागेत जागा असेल तर ओकची दोन जाड लाकडं अर्धी जमिनीत गाडून सोडून द्या. आणि हिर्शकेफर दिसला तर तारीख, जागा आणि नर की मादी हे लिहून ठेवा. मोठे शिंगासारखे जबडे नराला, मादी लहान, गडद तपकिरी पाठीची. निव्वळ काळा आणि आणखी बारका दिसला तर तो बाल्केनश्र्योटर, त्याचा धाकटा नातलग, तोही संरक्षित.

आमच्या कोपऱ्यात फरशी घातली नाही. जंगलखात्याकडून रीतसर विकत घेतलेले ओकचे पाच ओंडके तिथे अर्धे पुरले आहेत आणि ग्रिल दाराशी ठेवलं आहे, धूर घरात येतो. ओंडक्यांना बुरशी धरायला वर्षं लागतील, मग एखादी मादी आली तर आली, मग पुढची पाच वर्षं. शेजारच्या बाईंना तो जून दिसेल की नाही सांगता येत नाही. त्यांनाही ते ठाऊक आहे. गेल्या महिन्यात त्यांनी त्यांचं जुनं कॅलेंडर आमच्या मुलीला दिलं, आणि आकडा कुठल्या चौकटीत लिहायचा ते दाखवलं. चौकटी सध्या रिकाम्या आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर पांढऱ्या अळीचा फोटो आला, तर माझी एक विनंती आहे. 'हुमणी' हा शब्द लिहायच्या आधी फक्त एवढं विचारा: कुठल्या लाकडात सापडली, आणि चालते कशी? उत्तर येईपर्यंत बादली रिकामीच राहू द्या.